बूट दाराबाहेर होते

मामा,

मी तुमच्याशी शेवटचं बोलले ते एवढंच: "कपाटाची चावी कुठे आहे?" आणि तुम्ही म्हणालात, "खिळ्याला." चावी रोज खिळ्यालाच असते हे मला दीड वर्षापासून माहीत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं होतं. तुम्ही परीक्षानळ्या धूत होतात, मान वर केली नाहीत. मी चावी काढली, कपाट उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा बंद केलं. त्यानंतरच्या सोमवारी तुम्ही आला नाहीत. मंगळवारी शिक्षकांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मीही एक टाकलं. सगळ्यांनी टाकलं होतं तेच.

आज तेरा दिवस झाले. मुख्याध्यापक सर आणि दोघंतिघं शिक्षक वैशाखऱ्याला तुमच्या घरी जाऊन आले. मला गाडीत जागा होती. मी आईला बरं नाही असं सांगितलं. आईला काही झालेलं नव्हतं.

तुम्ही प्रयोगशाळेचे शिपाई, सगळ्या शाळेचे मामा; मी शाळेत नवीन आले तेव्हा तुम्ही मला पहिल्या दिवशी विचारलं होतंत, "मॅडम, शिकवाल मराठीतनं ना?" मी हो म्हणाले. माझी शाळा मुरबाडची, इंग्रजी माध्यमाची, पुढे कल्याणचं कॉलेज. घरी बोलत होतो मराठी, पण विज्ञान मला मराठीत येत नव्हतं. पहिल्याच तासाला मी बीकर म्हणाले आणि मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "चंचुपात्र." वर्ग हसला. मी फळ्याकडे वळले आणि तास संपेपर्यंत वळूनच राहिले. मधल्या सुट्टीत तुम्ही एक वही माझ्यापुढे ठेवलीत. प्रयोगशाळेत लागणाऱ्या प्रत्येक वस्तूचं मराठी नाव तुमच्या गोल अक्षरात, शेजारी चित्र. नरसाळं, तिवई, चिमटा, बाष्पनपात्र. "पोरं हसतात ती हसूंदे," तुम्ही म्हणालात, "चार दिस वाचा, मंग तुमी हसा." आपल्या कपाटात वस्तू कमी होत्या, वहीत नावं जास्त. मी ती वही पाठ केली. दहावीला विज्ञान मी आज न अडखळता शिकवते ते त्या वहीमुळे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत असेल असं धरून चालले.

शहापूरच्या बाजारामागची आपली शाळा, दहावीच्या दोन तुकड्या आणि परीक्षानळ्या सात. एक सूक्ष्मदर्शक, त्याच्या भिंगावर बुरशी. बेसिनला नळ होता, नळाला पाणी नव्हतं. बाकीचं सामान कुठून येतं ते मला तुमच्यामागून हिंडताना कळत गेलं. मोरचूद कृषी सेवा केंद्रातून. निवळीसाठी चुना पानाच्या टपरीवरून. जस्त हवं असलं की टॉर्चचे मेलेले सेल फोडायचे, कवच कापून घासायचं आणि आतली कार्बनची कांडी वेगळी ठेवायची. चुंबक डीजेवाल्यांच्या फुटक्या स्पीकरमधले. परीक्षानळीचे चिमटे तुम्ही गावाकडच्या बांबूचे करून आणायचात. आणि चंबू म्हणजे जुने पिवळे बल्ब. त्यांची टोपी अलगद काढायची, आतली तार काढायची, ओल्या रेतीनं खळखळवून धुवायचं. एकदा लग्नांचा मोसम संपल्यावर आपण मंडपवाल्याच्या गोदामात गेलो होतो.

"मेलेलं बल्ब असतील तर दे रे," तुम्ही म्हणालात.

"मामा, आता सगळं एलईडी," तो म्हणाला. "ते काय लवकर मरत नाय. आनि मेलं तरी तुमच्या कामाचं नाय."

बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "दिवं सुधारलं आनि आपलं चंबू गेलं." तुम्ही हसत होतात. मला हसू आलं नाही. पुढच्या आठवड्यात मुलांना ऊर्ध्वपातन दाखवायचं होतं आणि आपल्याकडे दोनच बल्ब उरले होते.

शनिवारी अर्धी शाळा. तुम्ही आठवडाभर शहापुरात खोलीवर राहायचात आणि शनिवारी घरी जायचात. मी रोज मुरबाडहून ये-जा करणारी. म्हणजे शनिवारची आपली एसटी एकच. सरळगावला उतरून तुम्ही माळशेजकडची गाडी धरायचात, मी तशीच पुढे मुरबाडला. शाळेत तुम्ही मला 'तुमी' म्हणायचात. गाडीनं किन्हवली सोडली की 'तू'. "खिडकीत बस गो, वळनावर मळमळंल तुला." तुम्ही हे ठरवून करत नसाल. मी मात्र किन्हवलीची वाट बघायचे. मला बोलकं करायला निघालेली माणसं मी लहानपणापासून पुष्कळ पाहिली आहेत. तुम्ही तसलं काही केलं नाहीत. तुम्ही भाताचं, बैलाचं, जावयाच्या नव्या फोनचं सांगायचात, मी ऐकायचे. सरळगावला उतरल्यावर गाडीच्या पत्र्यावर बाहेरून दोन थापा मारायचात. कंडक्टरला वाटायचं त्याच्यासाठी आहेत.

आपला वाद होता तो चपलांचा. प्रयोगशाळेत येताना मुलांनी चपला-बूट दाराबाहेर काढायचे, हा तुमचा नियम. मला कॉलेजात शिकवलं होतं की प्रयोगशाळेत पाय कधी उघडे असू नयेत.

"ॲसिड सांडलं तर, मामा?"

"सांडायला ॲसिड हाय कुठं?"

"काच फुटली तर?"

"काच फुटली तर आधी मी रडंन. पोर मागनं."

मला वाटायचं तुम्हाला झाडायचा कंटाळा येतो. एका शनिवारी मी तसं बोलूनही गेले. तुम्ही रागावला नाहीत. किन्हवली मागे पडली होती. "दाराशी कधी नीट बघितलंस?" तुम्ही म्हणालात. "कोनाचा नवा बूट, कोनाची बापाची चप्पल, कोनाची तारेनं बांधलेली. वर्गात दिसतं ते सगळ्यांना. माझ्या खोलीत आल्यावर कोनाच्या पायात काय ते दिसत नाय. सगळं पाय सारखं."

"ॲसिडला हे नाही कळत," मी म्हणाले.

"ॲसिडला नाय कळत. तुला तरी कळूंदे."

मला कळलं होतं. पटलं नव्हतं. तो वाद आपण तसाच अर्धा ठेवला.

दिवाळीनंतर मी मुंबईच्या एका संस्थेला पत्र लिहिलं. इंग्रजीत. ते मला चांगलं लिहिता येतं. तुमच्या वहीतली अर्धी यादी त्यात उतरवली: परीक्षानळ्या, चंचुपात्रं, दोन सूक्ष्मदर्शक. दहावीची प्रात्यक्षिकं जवळ आली होती आणि सुवर्णासारख्या मुलीनं परीक्षेला परीक्षानळी पहिल्यांदा हातात धरावी हे मला सहन होत नव्हतं. सुवर्णा वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, भातगिरणीत काम करणाऱ्याची. तिला प्रत्येक प्रयोग स्वतः करायचा असायचा आणि तिचा नंबर येईपर्यंत तास संपायचा.

संस्थेच्या एक ताई येऊन गेल्या. गोड बोलणाऱ्या, भराभर इंग्रजी बोलणाऱ्या. तुमच्या बल्बच्या चंबूत पाणी उकळत होतं, मुलं भोवती उभी होती, त्यांनी खाली बसून फोटो काढले. जाताना म्हणाल्या, सामान नक्की पाठवू.

चार दिवसांनी, सगळ्यांसाठी टाकायच्या आधी, त्यांनी फोटो आणि त्याखालचा मजकूर मला फोनवर पाठवला. मजकूर इंग्रजीत होता. त्याची सुरुवात अशी होती: या मुलांच्या पायात चपलाही नाहीत, पण डोळ्यांत विज्ञानाचं स्वप्न आहे. पुढे लिहिलं होतं की शाळेचा एक शिपाई कचऱ्यातून प्रयोगशाळा चालवतो. फोटोत सगळ्यात पुढे सुवर्णाचे पाय होते. तिचे काळे बूट जूनमध्ये घेतलेले, ती ते दारापाशी भिंतीला टाचा लावून ठेवायची. मजकुराच्या शेवटी ताईंनी विचारलं होतं, काही चुकलं असेल तर सांगा.

तुम्ही समोरच होतात. बांबू तासत होतात.

"काय लिवलंय?" तुम्ही विचारलंत.

"छान लिहिलंय, मामा. तुमचं कौतुक केलंय."

"माझं ऱ्हाऊंदे. पोरांचं काय?"

"मुलं हुशार आहेत म्हणून."

तुम्ही मान हलवलीत. खूश झालात. मी ताईंना अंगठा पाठवला.

मी असं का केलं ते इथे सांगायला हवं. त्या ताईंना नाही म्हणायची मला भीती वाटली, हे खरं आहे. चपला नाहीत एवढ्या एका वाक्यानं परीक्षानळ्या मिळत असतील तर मिळू देत असं वाटलं, हेही खरं. पण तिसरं एक होतं, आणि ते पहिल्या दोन्हींपेक्षा आधी मनात आलं होतं. हे इंग्रजीत आहे, इथे कोण वाचणार आहे, असं मला वाटलं. चार वर्षांची असल्यापासून जी भाषा शिकले ती मी तुमच्याविरुद्ध वापरली, तुम्ही समोर बसून माझ्या मुलांसाठी चिमटे करत असताना.

संस्थेनं ते नेटवर टाकलं आणि मुलांनी वाचलं. फोन मराठी करून देतो हे मला माहीत होतं, तरी सुचलं नाही. एका सकाळी प्रयोगशाळेत सुवर्णानं फोन तुमच्यापुढे धरला. "मामा, आमच्याकं चपला नाय असं लिवलंय. माझं पाय हायेत हे." तुम्ही फोन हातात घेतलात, डोळ्यांजवळ नेलात, दूर नेलात. मग माझ्याकडे बघितलंत. मी हजेरी घेत होते. हजेरी आधीच घेऊन झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. गिरणीतून तसेच, केसांत भाताचा कोंडा. ते आरडाओरडा करत नव्हते, त्यामुळे जास्त भीती वाटली. "आमी मागायला आल्तो का तुमच्याकं?" ते मला म्हणाले. "पोरीला दोन दिस झालं जेवान गेलं नाय. तिचं बूट दाराबाहेर व्हतं, मॅडम. तुमी बघितलं नव्हतं?"

मी काही बोलायच्या आधी तुम्ही मध्ये आलात. "मॅडमना ठाव नव्हतं, भाऊ. त्या लोकांनी परस्पर छापलं. मॅडम तशा नाय." आणि माझ्याकडे वळून, "व्हय ना, मॅडम?"

मी मान हलवली.

त्या शनिवारी एसटीत आपण शेजारी बसलो. किन्हवली गेली. मग म्हणालात, "तुमाला एक काम सांगू? ते लिवलेलं मला एकदा वाचून दावा. पयल्यापास्नं. मराठीत." तुम्ही 'तुमाला' म्हणालात. किन्हवलीच्या पुढे.

मी फोन काढला, बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "नेट नाहीये, मामा."

नेट होतं. आणि नसतं तरी तो मजकूर फोनमध्ये होताच, मला पाठही होता. तुम्ही "बरं" म्हणालात. सरळगावला पिशवी घेऊन उतरलात. मी खिडकीशी वाट बघत बसले. पत्र्यावर थाप पडली नाही, गाडी सुटली.

तुम्हाला तेव्हा कळलं होतं का? की तुम्ही मला एक संधी देत होतात? की खरंच फक्त ऐकायचं होतं? हे तीन प्रश्न मी रोज त्याच गाडीत त्याच वळणांवर फिरवते. कळलं असेल तर तुम्ही मला सुवर्णाच्या वडिलांसमोर वाचवलंत ते जाणूनबुजून. कळलं नसेल तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून गेलात. कोणतं जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही.

पुढच्या महिन्यात संस्थेचा टेम्पो आला. मुलं धावली. तुम्ही कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून, पुसून ठेवले होते. खोकी उघडली तर आत बूट. चाळीस जोड. सोबत पत्र होतं की फोटो बघून लोकांना फार वाईट वाटलं आणि सगळ्यांनी बूटच द्यायची इच्छा दाखवली. परीक्षानळ्यांचं पुढे बघू. मी ते पत्र सगळ्यांना मराठी करून सांगितलं, शब्दन् शब्द. सर म्हणाले, "मिळतंय ते घ्या, कुणाला नाही म्हणू नका." बहुतेक जोड लहान होते, पाचवी-सहावीच्या मापाचे. तुम्ही बुटांकडे बघितलंसुद्धा नाहीत. रिकामी खोकी मागून घेतलीत आणि त्यांचे सूचिछिद्र कॅमेरे केलेत, एका बाजूला सुईचं भोक, दुसऱ्या बाजूला तेलकट कागद. मुलांना त्यात शाळेचं आवार उलटं दिसलं. एवढ्या सगळ्यात तुम्हाला ते सुचलं याचा मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, तुम्ही दुसरं काय करणार होतात? समोर पुठ्ठा होता.

सुवर्णा त्यानंतर दाराशी येऊन उभी राहायची, बूट घालून. काढायची नाही आणि आतही यायची नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "ये गो तशीच." ती आली. तिच्यामागून सगळे आले, पायात जे होतं ते घालून. कोणाची बापाची चप्पल, कोणाची तारेची. कोणी कोणाच्या पायाकडे बघितलं, कोणी बघितलं नाही. तुम्ही केरसुणी घेऊन बाजूला उभे होतात. आपला वाद मी जिंकले, मामा. दाराबाहेरची ती जागा आता मोकळी असते.

शोकसभा झाली. सर म्हणाले की तुम्ही टाकाऊतून टिकाऊ करायचात. तुमच्या जागेवर नवीन कोणी येणार नाही हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितलं, ते पद आता भरत नाहीत. मला बोलायला सांगितलं. मी उठले, तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि बसले. माझ्या लाजरेपणाची सगळ्यांना सवय आहे. त्याचा मला किती वेळा उपयोग झाला आहे हे त्यांना माहीत नाही.

सभा संपल्यावर सुवर्णाचे वडील थांबले होते. "मॅडम, मी तवा लय बोललो तुमाला," ते म्हणाले. "मामा मागनं गिरणीवर आल्ते दोन येळा. सांगत व्हते, पोरगी साधी हाय, तिला ठाव नव्हतं. मनात ठिवू नका."

मी म्हणाले, "नाही, ठीक आहे."

ते माझी माफी मागत होते, मामा, आणि मी ती देऊन टाकली.

प्रात्यक्षिकं तोंडावर आहेत. परीक्षानळ्या सहा आहेत, एक माझ्या हातून फुटली. तुम्ही धुवायचात तशा त्या माझ्याकडून स्वच्छ होत नाहीत. भाताच्या तुसाची राख घ्यायचात एवढं माहीत आहे, किती बारीक चाळायची ते विचारायचं राहिलं. पानवाला चुना देतो, पण तुमचं विचारतो, म्हणून मी दुसऱ्या टपरीवर जाते. शनिवारी मी एसटीत मागच्या बाकावर बसते.

इथपर्यंत लिहून मी थांबले होते. शाळेच्या वार्षिक अंकासाठी सरांनी तुमच्यावर लेख मागितला आहे. मी त्यांना हेच देणार आहे; त्याआधी हे कागद घेऊन मी काल दुपारी गिरणीवर गेले. सुवर्णाच्या वडिलांनी हात झटकले, मला बसायला गोणी पुढे केली. मी उभी राहिले. ते एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होते. दुसऱ्या पानावर त्यांनी गिरणी बंद केली. मग कागद उलटल्याचा आवाज यायला लागला. वाचून झाल्यावर त्यांनी सगळी पानं एकावर एक नीट लावली, वर बसलेला कोंडा फुंकला.

"हे मला कशाला दावता, मॅडम," ते म्हणाले. "मामाला सांगायचं व्हतं."

मी हो म्हणाले. त्यांनी कागद माझ्या हातात दिले आणि गिरणी चालू केली.